पाण्याखालची झुडपं : आधी बुंधा पाहा

प्रश्न : डिसेंबरात मालवणला स्कूबा केलं. खडकांवर तपकिरी झुडपं डुलत होती, त्यांना मण्यांसारखे गोळे होते. शेजारचे काळपट झुबके गाइडच्या टॉर्चमध्ये चक्क लाल निघाले. ही कोणती झाडं? नमुना आणला तर चालतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मण्यांवरून ते सरगॅसम, म्हणजे तपकिरी समुद्रशैवाल. मणी ही फळं नव्हेत. त्या हवेच्या पिशव्या. त्यांच्यामुळे फांद्या उजेडाकडे उभ्या राहतात. पावसाळ्यानंतर ते वाढतं, थंडीत भरात असतं. तुम्ही योग्य वेळी गेलात.

ओळखताना पानांपेक्षा बुंधा पाहा. शैवालाला खरी मुळं नसतात. सरगॅसम चकतीसारख्या पकडीने दगडाला चिकटतं आणि पोषण सगळ्या अंगाने घेतं. समुद्री गवताला मात्र खरी मुळं, आडवं खोड आणि फुलंही असतात; ते बहुधा वाळूत किंवा चिखलात सापडतं. एक अपवाद ध्यानात ठेवा : कॉलर्पा हे हिरवं शैवालही वाळूत आडवं पसरतं. त्याच्या काही जातींवर द्राक्षांसारखे घोस असतात, आणि अख्खं शैवाल ही एकच प्रचंड पेशी असते!

पंख्यासारखं, चुन्याच्या पांढुरक्या पट्ट्यांचं दिसलं तर पॅडिना. दगडावरचा गुलाबी, कडक थर हेही जिवंत शैवालच; त्यावर हात टेकू नका.

लाल झुबक्यांचं कोडं पाण्यात आहे. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषतं, त्यामुळे पाच-सहा मीटरवरच लाल वस्तू काळपट दिसू लागते. टॉर्च तो रंग परत आणतो, पण जवळून. फोटोसाठी ३० ते ५० सेंटिमीटरवर जा आणि टॉर्च बाजूने धरा. कॅमेऱ्याच्या रेषेत धरलात तर तरंगणारे कण चमकून फोटोभर पांढरे ठिपके येतात. गुडघे वाकवून फिन्स वर ठेवा. खाली मारलेल्या एका फटक्याने गाळ उठतो आणि फोटो गेलाच.

दाट सरगॅसमच्या वरून पोहा, लोंबती नळी अंगाशी अडकवून घ्या. तरीही अडकलात तर गिरकी घेऊ नका, गुंता आवळतो. थांबा, जोडीदाराला खूण करा, त्याला सोडवू द्या.

नमुना आणू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आहे, आणि परवानगीशिवाय तिथून काहीही काढणं वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. बुंध्याचा आणि पानाचा एकेक स्पष्ट फोटो पाठवा. निदान गट तरी त्यावरून नक्की सांगता येईल.