टायर मोठे टाकले अन् गाडी थरथरायला लागली

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न टायरचेच आहेत. पाऊस संपला की असं होतंच, चार महिने चिखलात गाडी हळूहळू चालवलेली असते, मग डांबरी रोडवर काढली की सगळी दुखणी एकदम वर येतात.

प्रश्न (आर्वीकडून): भाऊ, माह्याकडं जुनी पाटेवाली जीप हाय, वावरात जायलेच ठेवली. पावसाळ्याच्या आधी जुने २३५ चे टायर काढून ३१ इंची मडचे टाकले. आता ६० च्या वर गेली का स्टेअरिंग चाळणीवानी हालते, ८० ले तं दोन्ही हातानं धरून ठेवा लागते. तालुक्याच्या टायरवाल्यानं मशीनवर लावून पाहिलं, शिसं लावू लावू कटाळला अन् म्हणे एवढाले टायर बॅलन्स होतच नाई. खरंच होत नाई का? मशीन सोडून दुसरा काही उपाय असन तं सांगजा.

उत्तर: होतात भाऊ, ३१ इंची काय, त्याच्याहून मोठेही होतात. बॅलन्स करणं म्हणजे चाकाची एक बाजू जड असली तर समोरच्या हलक्या बाजूला शिशाचे तुकडे लावून वजन सारखं करणं. मडचा टायर एकटाच वीस किलोच्या वर भरतो, लोखंडी डिस्क (ज्यावर टायर बसतो ती रिम) धरून तीस-पस्तीस किलो धरा, आणि कारच्या बहुतेक मशिनी ६५-७० किलोपर्यंतचं चाक घेतात, म्हणजे वजनाचा प्रश्न नाही. प्रश्न असतो चाक मशीनवर नीट मधोमध बसलं का याचा, आणि टायरवाल्याला तेवढा धीर आहे का याचा.

आधी हे समजून घ्या की ४० ला काही होत नाही आणि ८० ला एवढं काहून होते. स्पीड दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. तुमचा ३१ इंची टायर ८० च्या स्पीडला सेकंदाला ९ चकरा मारतो, आणि १५ इंची डिस्कच्या काठावर फक्त ५० ग्रॅमचा फरक असला तरी त्या स्पीडला तो ३ किलोच्या आसपास जोर लावतो, एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला ९ वेळा. तोच फरक ४० ला पाऊण किलोचा असतो, तो जीपच्या पाट्यांत (स्प्रिंगांत) आणि इंजिनच्या आवाजात कुठच्या कुठे जिरून जातो.

आता शिसं लावायच्या आधी खाली वाका आणि डिस्कच्या आतल्या बाजूनं हात फिरवून पाहा. आपली काळी माती ओली असताना चिकटते ती चिकटतेच, आणि वाळली की सिमेंट होते. बाहेरून गाडी धुवून चकाचक दिसते पण डिस्कच्या आतल्या पन्हाळीत पाव-पाव किलोचे ढेकळं बसलेले असतात, तेही एकाच बाजूला, कारण गाडी जिथं उभी राहिली तिथं ओला चिखल खाली ओघळून सुकला. ५० ग्रॅमचा हिशोब वर दिला, २०० ग्रॅमचा तुम्हीच करा. टायरवाल्यानं ती माती न काढता मशीनवर चढवलं असेल तर त्यानं मातीला बॅलन्स केलं, आणि ती माती पुढच्या नाल्यात पडली की लावलेलं शिसंच आता उलटं काम करते. खुरप्यानं नाहीतर स्क्रू ड्रायव्हरनं खरवडा, मग प्रेशरनं धुवा. बऱ्याच गाड्यांचा अर्धा आजार इथंच संपतो.

त्यानंतर पुढचं चाक जॅकवर उचला, टायरच्या जवळ एक वीट आणि त्यावर काडी टेकवून ठेवा आणि चाक हातानं फिरवा. काडी आणि टायरमधलं अंतर दोन-तीन मिलिमीटरनं कमीजास्त होत असेल तर मडच्या टायरात चालून जाते. त्याहून जास्त असेल तर टायर गोल नाही किंवा डिस्क वाकडी आहे, आणि वाकड्या डिस्कला किलोभर शिसं लावलं तरी ती सरळ होत नाही. डिस्कचा काठही याच पद्धतीनं वेगळा तपासा म्हणजे दोष कोणाचा ते कळेल. टायरला एका जागी फुगा दिसला तर बॅलन्सिंगचं नावच काढू नका, तो टायर उतरवा.

हे सगळं ठीक निघालं तर परत मशीनवर जा, पण या वेळी उभं राहून करवून घ्या. चाकाच्या मधल्या भोकात बरोबर बसेल असाच कोन (चाक मशीनवर मधोमध धरणारा शंकूसारखा तुकडा) लावायला सांगा, जुन्या जीपच्या डिस्कचं भोक मोठं असते आणि कारचा लहान कोन तिथं तिरपा बसतो. मशीननं शून्य दाखवलं की चाक ढिलं करून शाफ्टवर अर्धी चक्कर फिरवायचं, पुन्हा कसायचं, पुन्हा मशीन चालवायची. आता जर २०-३० ग्रॅम दाखवत असेल तर पहिलं शून्य खोटं होतं, चाक मधोमध बसलंच नव्हतं. टायरवाला कुरकुर करेल, चहा पाजा. आणि मशीन एकाच बाजूला दीडशे-दोनशे ग्रॅम मागत असेल तर शिशाची माळ घालत बसण्यापेक्षा हवा सोडून टायर डिस्कवर अर्धी चक्कर सरकवून बसवा, कारण डिस्कची जड बाजू आणि टायरची जड बाजू एकावर एक आलेली असू शकते. नव्या टायरवर पिवळा ठिपका असला तर तो टायरची हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हजवळ आणायचा.

मशीन नसेलच तर हातानं करता येते, ट्यूबलेस यायच्या आधीपासून लोक करत आले. यासाठी पुढचा हबच वापरा, मागच्या चाकाला डिफ्रन्शियलचं ओझं असते, ते मोकळं फिरत नाही. फोर बाय फोर असेल तर हब फ्री करा. बाकीच्या चाकांना दगड लावा, ब्रेक अजिबात घासायला नको, ड्रम असेल तर लायनर ढिले करा, डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर काढून तारेनं बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. बेअरिंगचा नट थोडासा ढिला. आता चाक हलकेच फिरवून सोडा, ते डोलत डोलत थांबेल आणि जड बाजू खाली येईल. वर खडूनं खूण करा. पुन्हा वेगळ्या जागेवरून सोडा, तीच खूण परत परत वर आली पाहिजे, दरवेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर एकतर बॅलन्स ठीक आहे नाहीतर बेअरिंग घासत आहे. खूण पक्की झाली की तिथं डिस्कवर टेपनं नट-वायसर चिकटवा, खूण घड्याळाच्या तीनवर आणून सोडा. वर गेली तर अजून वजन हवं, खाली आली तर जास्त झालं. कुठेही सोडलं तरी तिथंच थांबलं की झालं. ते नट-वायसर किराण्याच्या काट्यावर तोला आणि तेवढं शिसं घ्या, पण सगळं एका बाजूला ठोकू नका, अर्धं आतल्या काठाला, अर्धं बाहेरच्या, दोन्ही त्याच खुणेच्या रेषेत. तुमचा टायर साडेदहा इंच रुंद आहे, सगळं वजन बाहेरून लावलं तर वर-खाली उडणं जाईल आणि चाक डावं-उजवं लचकायला लागेल. या हातच्या पद्धतीत ते डावं-उजवं मुळात पकडताच येत नाही, तेवढी तिची मर्यादा, म्हणून मशीन मिळत असेल तर मशीनच बरी. आणि शेवटी बेअरिंगचा नट होता तसा कसून लॉक वायसर वाकवायला विसरू नका, चाक निघून पुढे पळालेलं पाहायचं नसेल तर.

एवढं करूनही खड्ड्यात चाक गेल्याबरोबर स्टेअरिंग झटके मारायला लागते आणि गाडी जवळपास थांबेपर्यंत थांबत नाही, असं असेल तर तो टायरचा विषय नाही. अख्ख्या एक्सलवाल्या गाडीत किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडचे एंड, पाट्यांचे बुश ढिले झाले की असं होते, मोठ्या टायरनं फक्त ते उघडं पाडलं. अशी गाडी रोडवर काढू नका, आधी मेकॅनिकला दाखवा.

प्रश्न (परतवाड्याहून): दादा, चिखलदऱ्याचा घाट नेहमीचा आहे. एकानं सांगितलं टायरमध्ये काचेचे बारीक मणी टाकले की बॅलन्सिंग आपोआप होते, शिसं लागतच नाही. दुसरा म्हणतो अँटी-पंक्चरचं लिक्विड टाक, पंक्चर पण नाही आणि बॅलन्स पण. कोणाचं ऐकू?

उत्तर: मणीवाला अगदीच खोटं बोलत नाही. बाहेरच्या देशात ट्रकच्या आणि ऑफ-रोड गाड्यांच्या मोठ्या टायरात काचेचे नाहीतर सिरॅमिकचे मणी टाकतात. चाक पुरेशा वेगानं फिरायला लागलं की मणी जड बाजूच्या समोर जाऊन बसतात, माती लागली, टायर झिजला, तरी ते आपली जागा बदलून घेतात, मडच्या टायरला हा मोठा फायदा. पण घाटात तुम्ही २०-३० नं चढता, त्या स्पीडला मणी आत नुसते गडगडतात, काही काम करत नाहीत, आवाज तेवढा येतो. वाकडी डिस्क, गोल नसलेला टायर यावर त्यांचा काही इलाज नाही. शिवाय व्हॉल्व्हमध्ये मणी अडकतो म्हणून जाळीवाली पिन लागते. आणि आपल्याकडच्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी पावसाळ्यात कोणी काढत नाही, ते हवेबरोबर टायरात जाते, मण्यांचा गोळा होतो आणि तो गोळा एका जागी चिकटला की तुम्ही पैसे देऊन बॅलन्स बिघडवला. ट्यूबवाला टायर असेल तर या भानगडीत पडूच नका. बंदुकीचे लोखंडी छर्रे टाकणारेही आहेत, ते गंजतात.

लिक्विडचं म्हणाल तर ते पंक्चरसाठी आहे, काट्याकुट्याच्या रस्त्यावर उपयोगाचंही आहे, बॅलन्ससाठी नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की ते खाली जमते, सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी उड्या मारते, मग पसरते. जुनं होऊन घट्ट झालं तर पसरतही नाही. टाकलंच तर टायरवाल्याला आधी सांगा, नाहीतर मशीनवर दरवेळी वेगळाच आकडा येईल आणि तो बिचारा मशीनला शिव्या देत बसेल.

प्रश्न (मोहर्लीजवळून): आमची जिप्सी सफारीले चालते. पावसाळ्यात ताडोब्याचा कोअर (आतलं जंगल) बंद होता तेव्हा तीन महिने घरीच उभी होती. आता चंद्रपूरले जाताना ५० पासूनच धडधड येते, जंगलात काही समजत नाही. बॅलन्सिंग दोनदा केलं, पैसे गेले, फरक नाही.

उत्तर: जुलै ते सप्टेंबर गाडी एकाच जागी उभी होती, टायर खालून चपटे झाले. बॅलन्सिंगनं चपटा टायर गोल होत नाही, म्हणून दोनदा पैसे गेले. आधी हवा तपासा, उभ्या गाडीची हवा कमी होतेच. मग वीस-तीस किलोमीटर सलग चालवा, टायर गरम झाला की बहुतेक वेळा आकार परत येतो. गरम झाल्यावरही धडधड तशीच राहिली तर चपटेपणा कायमचा झाला, असा टायर स्टेपनीला टाका. धडधड स्टेअरिंगमध्ये येते की सीटखाली, तेही पाहा, स्टेअरिंगमध्ये असेल तर पुढचे, सीटखाली असेल तर बहुतेक मागचे. जंगलात कळत नाही कारण तिथं तुम्ही वीसच्या स्पीडनं चालता. पुढच्या पावसाळ्यात हवा थोडी जास्त भरून ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी गाडी अर्धं चाक पुढे सरकवा. एक्सलखाली स्टँड लावून चाकं उचलली तर सगळ्यात चांगलं.

प्रश्न (वणी तालुक्यातून): ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाचं बॅलन्सिंग होते का? रोडवर ट्रॉली लावून नेताना ट्रॅक्टर उड्या मारते.

उत्तर: कोणी करत नाही, गरजही नाही, त्या स्पीडला एवढा फरक पडत नाही. दोन्ही मागच्या चाकांत हवा सारखी आहे का पाहा, आणि पाणी भरलं असेल तर दोन्हीकडे सारखंच भरलं का तेही पाहा. पाणी भरताना व्हॉल्व्ह वर ठेवायचा आणि व्हॉल्व्हच्या उंचीपर्यंतच भरायचं, म्हणजे साधारण ७५ टक्के, वर हवेला जागा राहू द्यायची. गच्च भरलेला टायर दबत नाही, मग प्रत्येक खड्डा थेट तुमच्या कमरेत.

प्रश्न (हिंगणघाटहून, एक ताई): आमच्याकडे नवी थार आहे, १८ इंची अलॉय. समृद्धीवर ११०-१२० ला हलकी थरथर येते, गावात काहीच नाही. अलाइनमेंट करून झालं.

उत्तर: ताई, अलाइनमेंट म्हणजे चाकं सरळ दिशेनं आहेत की नाही ते, त्यानं थरथर जात नाही, गाडी एका बाजूला ओढते ते जाते. १२० ला धक्का ४० च्या नऊपट असतो, म्हणून गावात जाणवत नाही आणि समृद्धीवर जाणवते. अलॉयला आतून चिकटपट्टीचं वजन लावतात, ते चिखलात आणि प्रेशरच्या पाण्यानं निघून पडते, आत नुसता चौकोनी डाग दिसला तर तेच झालं. नवं लावताना जुना डिंक खरवडून, जागा थिनरनं पुसून, कोरडी करून मगच दाबायला सांगा, आणि त्या दिवशी गाडी धुवू नका. पुढे कधी मडचे टायर टाकले तर साइडवॉलवरचं स्पीडचं अक्षर वाचा, ऑफ-रोड टायरवर बऱ्याचदा क्यू असते, म्हणजे जास्तीत जास्त १६०. आणि चार चाकांबरोबर मागच्या दारावरची स्टेपनीही बॅलन्स करून घ्या, ती सगळे विसरतात.