टू-डू ॲपमध्ये मोठ्या कामाचे लहान टप्पे कसे पाडावेत?

‘प्रबंध पूर्ण करणे’ अशी एकच नोंद महिनोन्महिने यादीत पडून राहते ती बहुधा आळसामुळे नव्हे, तर ती वाचल्यावर नेमका कशाला हात घालायचा हेच कळत नसल्यामुळे. म्हणून प्रत्येक टप्पा एका बैठकीत, म्हणजे साधारण अर्ध्या तासात, उरकेल असा आणि कृती स्पष्ट सांगणारा लिहावा: ‘दुसऱ्या प्रकरणातील तीन तक्ते एका फाइलमध्ये आणणे’, ‘मार्गदर्शकांना भेटीची वेळ विचारणे’. पहिल्याच दिवशी संपूर्ण कामाचे तुकडे पाडण्याचा अट्टहास मात्र करू नये. पुढचे चार-पाच टप्पे पुरतात, कारण नंतरचे टप्पे काम करतानाच उलगडत जातात आणि आधी लिहून ठेवलेले बरेचदा खोडावे लागतात.

ॲप निवडताना एक फरक जरूर पाहावा. मायक्रोसॉफ्ट टू डूमधील टप्प्यांना स्वतंत्र मुदत देता येत नाही, टोडोइस्टमधील उपकामांना ती देता येते. त्यामुळे अनेक आठवडे चालणाऱ्या कामासाठी मला दुसरी सोय अधिक उपयुक्त वाटते. एखादा टप्पा सलग तीन दिवस पुढे ढकलला गेला, तर तो अजूनही मोठाच आहे असे समजून त्याचे आणखी दोन भाग करावेत.