कागदावर नाव कुणाचं आहे?

वाचकांचे प्रश्न : विमानाने माल पाठवताना

मुंबईत सहार विमानतळाच्या कार्गोत, म्हणजे मालाच्या विभागात, एका एजंटाकडे मी एकोणतीस वर्षं कागद केले आणि आता खानापूरला घरी परत आलेय, हे गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतलीत. शेवटचं पत्र आधी आलं होतं, पण त्याचं उत्तर लिहायला मला वेळ लागला.

*प्रश्न : ताई, मुलगी म्युनिकला असते. तिला कुंदा, भाजणी, चटण्या आणि दोन साड्या पाठवल्या. घरच्या काट्यावर खोकं नऊ किलो भरलं. कुरिअरवाल्याने साडेचौदा किलोचे पैसे घेतले. त्याचा काटा खोटा असेल का? — शहापूर*

काटा खरा आहे ओ. तुम्ही पैसे भरलेत ते खोक्याच्या आकाराचे. विमानात वजन संपायच्या आधी बऱ्याचदा जागा संपते, म्हणून लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि कुरिअरवाले त्याला 5000 ने भागतात. (विमान कंपन्या 6000 ने भागतात.) जे वजन जास्त येईल त्याचे पैसे. तुमचं खोकं 60 बाय 40 बाय 30 असणार. गुणाकार 72,000, भागून 14.4, वर ओढून साडेचौदा. तेच सामान दाबून 45 बाय 35 बाय 30 च्या खोक्यात बसवलं असतं तर साडेनऊ किलोत काम झालं असतं. साड्या घडीच्या घडी खोक्यात ठेवू नका, भाजणीच्या पिशव्यांमधल्या फटीत कोंबा. आणि टीव्हीवाल्याकडून मागून आणलेलं मोठं खोकं कधीच वापरू नका.

कुंद्याचं मात्र मनाला लागलं. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून घरगुती पार्सलनं दुधाचे पदार्थ पाठवायला बंदी आहे. पकडला तर नष्ट करतात, आईने पाठवलाय हे तिथे कुणी बघत नाही. भाजणी आणि चटण्या पाठवा. कुंदा ती इकडे आली की ताजा खाऊ दे.

*प्रश्न : आमचं मशीन शॉप आहे. इटलीच्या गिऱ्हाइकाला व्हॉल्व्हचे भाग विमानाने पाठवले. पैसे भरल्यावरच बँकेतून कागद सुटणार, अशी बोली होती. कागद अजून बँकेतच आहेत आणि त्याने माल कधीच उचललाय! हे झालंच कसं? — उद्यमबाग*

दादा, तुमचं पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही. हाच घाव माझ्या हातून एकाला बसला होता.

जहाजाच्या मालाची तुम्हाला सवय आहे. तिथे बिल ऑफ लेडिंग म्हणजे मालाच्या हक्काचाच कागद. ज्याच्या हातात अस्सल कागद, त्याचा माल. विमानाचं एअर वेबिल तसं नाही. ती माल घेतल्याची पावती आणि वाहतुकीचा करार, एवढंच. वरच्या कोपऱ्यात छापलेलंच असतं, ‘नॉट निगोशिएबल’. माल पोचला की विमान कंपनी कागद मागत बसत नाही. ‘कन्साइनी’, म्हणजे माल घेणारा, म्हणून ज्याचं नाव आहे, त्याची ओळख पटवते आणि माल देऊन टाकते. तुमच्या वेबिलावर कन्साइनी म्हणून गिऱ्हाइकाचंच नाव असणार. बँकेत पडलेल्या कागदांना मग काय अर्थ राहिला?

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत वेबिल टाइपरायटरवर व्हायचं. आठ-दहा प्रतींचा गठ्ठा, खालच्या प्रतीवर अक्षर उमटावं म्हणून बोटं दुखेपर्यंत की मारायच्या. हिरवी अस्सल प्रत कंपनीची, गुलाबी माल घेणाऱ्याची, निळी पाठवणाऱ्याची. एका छोट्या कारखानदाराचा माल हॅम्बुर्गला जायचा होता. साहेबांनी दिलेलं गिऱ्हाइकाचं नाव मी कन्साइनीच्या चौकटीत टाइप केलं. गिऱ्हाइकाने माल उचलला आणि तोंड फिरवलं. तीन महिन्यांनी बँकेचं पाकीट न फोडलेलं परत आलं. ते पाकीट हातात घेऊन तो माणूस आमच्या टेबलासमोर उभा होता. तो काहीच बोलला नाही. चौकट मी भरली होती, आणि ती भरताना ‘पैसे आलेत का’ एवढं विचारायला मला कुणी अडवलं नव्हतं.

पुढच्या वेळी असं करा. कन्साइनीच्या जागी गिऱ्हाइकाच्या बँकेचं नाव घाला, गिऱ्हाइकाला फक्त ‘नोटिफाय पार्टी’, म्हणजे माल आल्याचं नुसतं कळवायचा माणूस, ठेवा. म्हणजे बँकेने सोडपत्र दिल्याशिवाय माल हलत नाही. पण त्या बँकेची आधी लेखी संमती घ्या. न विचारता तिच्या नावावर माल पाठवला तर ती जबाबदारी घेत नाही, असा बँकांचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. नवं गिऱ्हाईक असेल तर सरळ आगाऊ पैसे मागा, लाजू नका.

आणि निळी प्रत जपा. विमान वाहतुकीच्या 1999 च्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल कराराने, जो आपल्याकडे 2009 पासून लागू आहे, पाठवणाऱ्याला मोठा हक्क दिलाय. माल पोचून घेणाऱ्याने मागेपर्यंत तुम्ही तो वाटेत थांबवू शकता, परत बोलावू शकता, दुसऱ्याला द्यायला सांगू शकता. त्यासाठी तुमची प्रत दाखवावी लागते आणि होणारा खर्च भरावा लागतो. आता बहुतेक वेबिलं इलेक्ट्रॉनिक झालीत, तेव्हा रंगीत कागद हातात येणार नाही. एजंटाकडून पावती आणि वेबिलाची छापील प्रत मागून घ्या.

प्रत हातात आली की नंबरही तपासा. अकरा आकडे असतात. पहिले तीन कंपनीचे : एअर इंडिया 098, लुफ्तान्सा 020, एमिरेट्स 176. पुढच्या सात आकड्यांना 7 ने भागून जी बाकी उरते, तोच शेवटचा आकडा. 1234567 ला भागलं की बाकी 5, म्हणून शेवटी 5 हवा. बाकी जुळली नाही तर नंबर चुकीचा आहे किंवा कुणी मनाने लिहून दिलाय.

तुमचा गेलेला माल कागदाने परत येणार नाही. बँकेकडून पैसे न आल्याची लेखी सूचना घ्या, आणि ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा घेतला असेल तर मुदत टळायच्या आत त्यांना कळवा. हे याच आठवड्यात करा.

*प्रश्न : जर्मनीहून विमानाने आलेल्या यंत्राची पेटी आतून फुटलेली निघाली. सही करून बसलोय. — होनगा*

सहीमुळे सगळं संपलेलं नाही. माल मिळाल्यापासून चौदा दिवसांत विमान कंपनीला लेखी तक्रार द्या. फोन चालत नाही. उशिराची तक्रार असेल तर एकवीस दिवस, आणि दाव्याला दोन वर्षं. भरपाई किलोवर असते : 28 डिसेंबर 2024 पासून किलोमागे 26 एसडीआर. हे नाणेनिधीचं हिशेबाचं चलन आहे. हलकं आणि महागडं यंत्र असेल तर या हिशेबात काही सुटत नाही, म्हणून वेगळा विमा घ्यायचाच.

*प्रश्न : बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ असताना आमची ढबू मिरची आणि जरबेरा विमानाने का जात नाही? — कडोली*

सांबऱ्याची धावपट्टी 1942 ची, इंग्रजांच्या हवाई दलाने बांधलेली. धावपट्टीची अडचण नाही, अडचण विमानाच्या पोटाची. तिथे येतात ती प्रवासी विमानं, त्यातली बरीचशी लहान. सत्तर उतारूंच्या बॅगा चढल्या की मालाला उरते ती फट, आणि उकाड्यात वजन कमी करायची वेळ आली की आधी माल उतरवतात. तुमची फुलं धावपट्टीच्या कडेला उन्हात राहतील.

मग मालवाहू विमान आणा म्हणाल. बोईंग 737 चं मालवाहू विमान वीसेक टन उचलतं. कडोली-काकतीने मिळून रोज तेवढा माल दिला, तरी परत येताना त्यात काय भरणार? रिकामं परत येणारं विमान कुणी चालवत नाही. म्हणून हा धंदा सगळीकडचा माल एका जागी गोळा करून चालतो. 1949 साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला भेटायची, पोती अदलाबदल करून पहाटे आपापल्या गावी परतायची. आजही तेच गणित आहे. जगातला निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो, आणि मोठी विमानं मोठ्या शहरांतच उतरतात.

तेव्हा तुमचा मार्ग ट्रकचाच : चोर्ल्याने गोवा, नाहीतर बेंगळूर किंवा मुंबई. त्यात कमीपणा काही नाही. विमान कंपन्या अशा ट्रकना फ्लाइट नंबर देतात, वेबिल शेतापाशीच्या शहरातून सुरू होतं. पण एकट्याने जाऊ नका. दहा जणांनी मिळून थंड गाडी धरली तर हिशेब बसेल. मोठ्या विमानतळावर थंड खोली किती वाजता मोकळी असते, हे आधी विचारून मगच तोडणी करा.

*प्रश्न : माझे दीर मस्कतला वारले. मुंबईला विमान उतरलं तेव्हा आम्ही प्रवासी गेटवर चार तास उभे होतो, कुणी काही सांगेना. गावातली आणखी पोरं तिकडे आहेत. अशा वेळी काय करायचं असतं? — खानापूर तालुका*

बाई, त्या चार तासांबद्दल काय लिहू? कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पार्थिव प्रवासी गेटमधून येत नाही. ते एअर वेबिलावर, मालाबरोबर येतं आणि कार्गो टर्मिनलला जातं. सहारला रात्री मी अशी माणसं पुष्कळ पाहिली, कोकणातली, आपल्याकडची, हातात फक्त एक फोन नंबर. पेटी तरटात शिवलेली, वर काळ्या शाईने नाव. तिचंही वजन होतं, ते बघून माणसं कळवळतात. म्हणून काट्यापाशी घरच्यांना नेऊ नका, शेजाऱ्यापाजाऱ्याला पाठवा.

तिकडून निघायच्या आधी मृत्यूचा दाखला, भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, देह टिकवण्यासाठी औषध भरल्याचा दाखला आणि पेटी बंद केल्याचा दाखला तयार लागतो. सगळ्यांचे फोटो मागवून घ्या. इकडे विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यासाठी 2023 पासून केंद्र सरकारचं ई-केअर पोर्टल आहे. पैशाची सोय नसेल तर दूतावासाकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो, त्यातून खर्च मिळू शकतो. मागायला संकोच करू नका, तो याच कामासाठी आहे.

वेबिलावर कन्साइनी म्हणून ज्याचं नाव घालाल, तोच माणूस आधारकार्ड घेऊन हजर पाहिजे. वृद्ध वडिलांचं नाव घालू नका, धावपळ करू शकेल अशा माणसाचं घाला. गाडी लांब आणा; साध्या व्हॅनमध्ये ती पेटी बसत नाही आणि मग मागचं दार दोरीने बांधून खानापूरपर्यंत यावं लागतं. माझा नंबर संपादकांकडे ठेवलाय. गावात कुणावरही ही वेळ आली तर रात्री-अपरात्री फोन करा, कागद मी सांगते.