हरळीच्या रानात रोटाव्हेटर घालायचा विचार करताय? थांबा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझंच जुनं दुखणं आठवलं. खंडाने घेतलेलं सव्वा एकर काळं रान, जागोजाग हरळीची, म्हणजे दूर्वांच्या गवताची, ठिगळं, पहिला पाऊस झालेला, आणि तुम्ही विचारताय, "उद्या रोटाव्हेटर मिळतोय, मारून घेऊ का?" ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं ते अवजार नका मारू. खालचं नंतर वाचलंत तरी चालेल, आधी ट्रॅक्टरवाल्याला फोन करून नको म्हणा.

मी मारला होता. माझंही रान खंडाचंच. जूनचा वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, माती अशी भुसभुशीत झाली की संध्याकाळभर बांधावर बसून बघत होतो. पंधरा दिवसांत ठिगळं गेली आणि अख्खं रान हिरवं झालं. खुरपणीच्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी हात टेकले. "दादा, हे खुरप्याचं काम न्हाई, कुदळीचं हाय."

हरळी बियांपेक्षा कांड्यांनीच जास्त पसरते. वर धावणाऱ्या वेली आणि जमिनीतल्या पांढऱ्या, सुईसारख्या टोकाच्या काश्या, दोन्हींना पेरापेरावर डोळा असतो. काशी अखंड आहे तोवर शेंडा मागचे डोळे दाबून ठेवतो. तुकडा पडला की डोळे जागे होतात. आपण ऊस कांड्या तोडूनच लावतो ना? तशीच मी सव्वा एकरात हरळीची लागण केली, ओलीत, पदरचे पैसे घालून. दूर्वा वाहतानाच्या मंत्रातही तिचं वर्णन कांड्याकांड्यातून उगवणारी असंच आहे. दरवर्षी हात जोडून ऐकत होतो, डोक्यात शिरलं नाही.

मग उपाय विचारायला एका कार्यालयात खेटे सुरू झाले. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या खेपेला "अर्ज द्या". तिसऱ्यांदा पिशवीतल्या काश्या टेबलावरच ठेवल्या, तर न बघता म्हणाले, "अजून एकदा रोटाव्हेटर मारा, भुगा होईल." आणि मी मारला! पहिली चूक अज्ञानाची होती, पण ही दुसरी निव्वळ खुर्चीकडे बघून केलेली. सोयाबीन गेलंच, पुढचा हंगामही निम्मा गेला.

शेवटी उपयोगी पडली ती उन्हाळी नांगरट. रान पूर्ण वाळल्यावर पल्टी नांगराने खोल नांगरायचं आणि ढेकळं फोडायची नाहीत, मे महिनाभर तशीच तापू द्यायची. मग कुळवाने काश्या वर ओढून वेचायच्या, वाळवून जाळायच्या. बांधावर फेकू नका, एका वळवात जीव धरतात. नंतर दाट ताग, हिरवळीच्या खताचं उंच वाढणारं पीक. हरळीला सावली सोसत नाही, ताग डोक्यावर गेला की खालची पिवळी पडत जाते. असे दोन उन्हाळे लागले. तुमचा पाऊस झालाच आहे, तर यंदा ठिगळांभोवती काठ्या ठोका, तेवढं कुदळीने खांदून काढा आणि तिथे तागच पेरा.

फवारणीबद्दल जपूनच बोलतो, मी तज्ज्ञ नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून काशीपर्यंत उतरतं, म्हणून हिरव्या, जोमात वाढणाऱ्या हरळीवरच लागू पडतं. फवारून तिसऱ्या दिवशी नांगर घातला तर पैसे पाण्यात. ओढ्याचं गढूळ पाणीही चालत नाही, मातीचे कण औषध धरून ठेवतात. केंद्राने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर बंधनं आणली आहेत, त्यामुळे प्रमाण मी सांगणार नाही. उभ्या पिकात तर हातच लावू नका.

आणखी एक, तुमची ती हरळीच आहे ना? दांडा बोटांत फिरवून बघा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा, त्याला खाली गाठी असतात आणि त्याचं तंत्र निराळं. बांधावरची हरळी मात्र राहू द्या, माती धरून ठेवते. फक्त बांध आणि रान यांच्यामध्ये फूटभर खोल चर ठेवा आणि तो दरवर्षी साफ करा. भाड्याचं अवजार शेतात घेण्याआधी धुऊन घ्या. दुसऱ्याच्या रानातल्या काश्या दात्यांना गुंडाळून येतात. ट्रॅक्टरवाला तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि खंडाचा करार किती वर्षांचा आहे ते आधी बघा. मी दोन उन्हाळे घालवून रान साफ केलं, तिसऱ्या वर्षी मालकाने स्वतःच कसायला घेतलं.