कायझेन ४०० आणि रिजेक्शन जागच्या जागी? आधी नाकारलेल्यांची फाइल काढा

तुमची पोस्ट दोनदा वाचली, कारण पंधरा वर्षांपूर्वी ती मीच लिहिली असती. नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात नुकतेच सुधारणा समन्वयक झालात, वर्षाला ४०० च्या वर कायझेन, म्हणजे कामगारांनी सुचवलेल्या छोट्या सुधारणा, नोंदले जातात, रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, मात्र हलत नाही, आणि साहेबांनी गुरुवारच्या मीटिंगमध्ये आढावा मांडायला सांगितलंय. तुम्ही विचारताय की नवीन सॉफ्टवेअर घ्यावं की सिक्स सिग्मा, म्हणजे आकडेवारीनं दोष कमी करायची पद्धत, सुरू करावं. माझ्या मते दोन्ही नको. निदान आत्ता नको.

५ एस, पीडीसीए, फिशबोन ही सुधारणेची नेहमीची साधनं तुम्हाला माहीत असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. माझं आयुष्य सातपूर-अंबडच्या प्रेस आणि मशिनिंग शॉपमध्ये गेलंय, साठ ते दोनशे माणसांच्या कारखान्यांत. औषध किंवा खाद्यपदार्थांच्या प्लांटमधलं मला कळत नाही, तिथं हे जसंच्या तसं लावू नका.

आता माझी चूक सांगतो. सगळ्यात महाग पडलेली.

आमच्याकडे एक ड्रिलिंगचं मशीन होतं, त्यावर एक ब्रॅकेट यायचा. दोन्ही बाजूंनी दिसायला सारखा, फक्त एका कोपऱ्याला बारीक खाच. फिक्स्चरमध्ये, म्हणजे पीस धरून ठेवणाऱ्या साच्यात, तो उलटाही बसायचा, आणि उलटा बसला की भोक अडीच मिलिमीटर सरकायचं. डोळ्यांना कळत नाही. आमचा प्लग गेज भोकाचा व्यास तपासायचा, जागा नाही, त्यामुळे उलटा पीससुद्धा खुशाल पास. त्या मशीनवरच्या ऑपरेटरला सगळे माउली म्हणायचे, गळ्यात माळ, दरवर्षी पायी वारी. क्लॅम्प आवळण्याआधी त्यांचा डावा अंगठा त्या खाचेवरून फिरायचा, प्रत्येक पीसला. कुठल्याही वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये हे लिहिलेलं नव्हतं. अंगठ्याला माहीत होतं, कागदाला नव्हतं.

त्याच माउलींनी एक कायझेन लिहून दिला: खाचेच्या जागी फिक्स्चरवर एक डॉवेल पिन, म्हणजे पक्की छोटी खुंटी, बसवा. सरळ पीस पिनेत बसेल, उलटा पिनेवर चढून डुगडुगेल, क्लॅम्पच होणार नाही. सोबत पेन्सिलीनं काढलेलं चित्र. टूलरूमला अर्ध्या तासाचं काम.

तेव्हा आमचे सगळे कायझेन बाहेरगावच्या मुख्य कार्यालयातल्या एका विभागाकडे मंजुरीला जायचे. फॉर्मला सतरा रकाने, सगळे इंग्रजीत, आणि त्यातला 'वार्षिक बचत रुपयांत' हा रकाना रिकामा असला की फॉर्म परत. त्या विभागातल्या कोणी आमचं शॉप कधी पाहिलं नव्हतं. माउलींचा फॉर्म परत आला: 'बचत सिद्ध करा.' चूक अजून झालीच नव्हती, तर बचत कुठून दाखवणार? मी एकदा फोन केला. उत्तर मिळालं, 'सिस्टीम घेत नाही.' दुसऱ्यांदा मी फोन केला नाही. इथं मी चुकलो. पिन माझ्या अखत्यारीत बसवता आली असती.

त्याहून वाईट पुढं केलं. माणशी महिन्याला दोन कायझेन हे टार्गेट मीच लावलेलं, महिनाअखेर होती, आकडा भरत नव्हता. मी माउलींना म्हणालो, 'हे राहू द्या, एखादं सोपं लिहा.' त्यांनी लिहिलं: झाडू टांगायला भिंतीला हुक. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, शोधायचा वेळ वाचला, बचत अमुक रुपये. मंजूर! महिन्याचा सर्वोत्कृष्ट कायझेन! स्टीलचा डबा बक्षीस, टाळ्या, नोटीस बोर्डावर फोटो.

पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला माउली त्र्यंबकला गेले. चार दिवस रजा. मशीनवर ठेकेदाराचा नवा पोरगा. त्याच्या अंगठ्याला काय माहीत? चाकणहून ग्राहकाचा फोन आला तेव्हा उलटे पीस त्यांच्या लाइनवर पोचले होते. मी चार पोरांना घेऊन सहा दिवस तिथं गोडाऊनमध्ये बसून एकेक ब्रॅकेट निवडत होतो. आणि तक्रारीचं कारण आणि उपाय सांगायला ग्राहकाला द्यायच्या ८डी रिपोर्टमध्ये मूळ कारण म्हणून मी काय लिहिलं? 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा, पुनर्प्रशिक्षण दिले.' माझ्या हातानं लिहिलंय, सही माझी आहे. ग्राहकानं ते परत पाठवलं, चांगलं केलं. मग पिन बसली, पंचवीस मिनिटांत. वर्षाअखेरीस मंजुरीच्या त्याच विभागानं हाच पोकायोके, म्हणजे चूक होऊच न देणारी युक्ती, सगळ्या प्लांटना आदर्श म्हणून पाठवला. बचतीच्या रकान्यात आता टळलेल्या सॉर्टिंगचा खर्च होता, आणि नाव माझं. मी ते बदलून घेतलं, पण महिनाभरानं. माउली एवढंच म्हणाले, 'साहेब, अजून एक हुक लावायचाय का?' त्यानंतर त्यांनी पिनेसारखं काही लिहून दिलं नाही. हुक मात्र दर महिन्याला दोन.

म्हणून सांगतो, आढावा मंजूर कायझेनच्या फाइलपासून सुरू करू नका. ती फाइल नेहमीच सुंदर असते. नाकारलेले, परत पाठवलेले, 'विचाराधीन' म्हणून पडलेले बाहेर काढा. प्रत्येकावर दोनच तारखा लिहा: माणसानं दिला कधी, आणि त्याला पहिलं उत्तर तोंडी का होईना मिळालं कधी. आमच्याकडे मधे सरासरी सात आठवडे जायचे. उत्तर 'नाही' असलं तरी माणूस समजून घेतो, फक्त कारण सांगावं लागतं. गप्प बसलात की पुढचा कायझेन हुकाचाच येणार.

दुसरं, मंजूर झालेल्यांपैकी कुठलेही वीस निवडा आणि रात्रपाळीत जाऊन मशीनवर बघा. दिवसा नको, दिवसा तुम्ही येताय हे कॅन्टीनला आधी कळतं. आमचे वीसातले नऊ जिवंत सापडले. एक गार्ड तर कपाटामागे नीट कागदात गुंडाळून ठेवलेला, कारण तो लावला की कूलंट अंगावर उडायचं.

तिसरं, गेल्या वर्षाच्या व्हाय-व्हाय शीटवरचं, म्हणजे 'का?' पुन्हा पुन्हा विचारून मूळ कारण शोधतात त्या कागदावरचं, फक्त शेवटचं उत्तर वाचा. 'लक्ष दिले नाही' आणि 'ट्रेनिंग दिले' किती वेळा येतं ते मोजा. अर्ध्याच्या वर असेल तर सिक्स सिग्मा आणून काय होणार? तीच उत्तरं आलेखात दिसतील. जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो आधी चूकरोधाला 'बाका योके' म्हणायचे, बाका म्हणजे मूर्ख. एका कामगार बाईला तो शब्द लागला, तेव्हा १९६३ मध्ये त्यांनी 'पोका योके' केलं, पोका म्हणजे अनवधानाची चूक. आपण शब्द नवा घेतला आणि अर्थ जुनाच ठेवला, असं मला वाटतं.

ओईईचा, म्हणजे मशीन किती परिणामकारक चालतं त्याचा, आकडाही जरा खरवडून बघा. ८५ टक्के म्हणजे जगात भारी मानतात आणि आम्ही ९१ दाखवत होतो. सेटअपचा वेळ 'नियोजित थांबा' म्हणून बाहेर, आणि सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, कोटेशनमधला, सढळ हातानं धरलेला. उगाच का पोचलो ९१ ला!

साहेब म्हणतील, ऑडिटला आकडा लागतो. नाही लागत. गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक आयएसओ ९००१:२०१५, त्यातलं कलम १०.३ सतत सुधारणा करा म्हणतं, माणशी दोन कायझेन म्हणत नाही. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मानकामध्येसुद्धा असा आकडा नाही. तुमच्या ग्राहकाची स्वतःची वेगळी अट असू शकते, तेवढी मात्र बघून घ्या. आणि उत्साहात थेट पिना ठोकायला लागू नका. प्रोसेसमधला बदल आहे, पीएफएमईए (प्रोसेस कुठं चुकू शकते त्याची नोंद) आणि कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं त्याचा आराखडा) सुधारावा लागतो, ग्राहकाची मंजुरीही लागू शकते. हे मी सोपं करून सांगतोय, पण त्यासाठी सात आठवडे लागत नाहीत.

फुटकळ दोन गोष्टी. फॉर्म मराठीत करा आणि रकाने तीनच ठेवा: काय त्रास, काय करू, चित्र. पेठ-सुरगाण्याकडून आलेली पोरं चित्र झकास काढतात, इंग्रजी रकाना बघून मात्र फॉर्म खिशात घालतात. आणि ठेकेदाराच्या माणसांना योजनेत घ्या. बऱ्याच ठिकाणी मशीनवर निम्मी तीच असतात आणि कायझेन लिहायचा हक्क फक्त कायमच्यांना. बक्षिसाचं म्हणाल तर डबे-घड्याळं बंद करा. आम्ही पुढं पुढं पहिली पाळी सुटल्यावर ज्यांचा कायझेन असेल त्या सेलच्या, म्हणजे मशीनगटाच्या, सगळ्यांना मिसळ खायला न्यायचो. रस्स्याच्या दुसऱ्या वाटीला जेवढं कळलं तेवढं सतरा रकान्यांत कधी कळलं नव्हतं.

सॉफ्टवेअरवाल्याला नाही म्हणू नका, डेमो पुढच्या तिमाहीत ठेवा. गुरुवारच्या आधी नाकारलेल्यांची फाइल तेवढी मागून घ्या. 'तशी फाइल आम्ही ठेवत नाही' असं उत्तर आलं, तर अहवालाच्या पहिल्या पानावर तेच वाक्य घाला.