गच्चीवरचा दुधी आणि पहिला उन्हाळा

तुमच्या दुधीची कोवळी फळे पिवळी पडून गळतात असे तुम्ही लिहिले आहे. नवख्या माणसाचा जीव यात फार हळहळतो. पण खत वाढवण्याआधी संध्याकाळी वेलापाशी जाऊन फुले नीट पाहावीत, असे मी सुचवेन. दुधीची पांढरी फुले तिन्हीसांजेला उमलतात, त्यातले ज्याच्या देठाशी लव असलेला इवलासा दुधी दिसतो ते मादी फूल आणि नुसत्या लांब देठाचे ते नर. शहरातल्या उंच गच्चीवर त्या वेळी कीटक कमीच फिरकतात, मग मादी फुलापर्यंत पराग पोहोचत नाहीत आणि कोवळी फळे गळतात. म्हणून नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, परागकण मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत.

पाणी सकाळी लवकर द्यावे आणि कुंडीतल्या मातीवर वाळलेल्या पानांचा दोनेक इंचांचा थर ठेवावा, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतही ओल टिकते. दुधीशेजारी भेंडी लावली असेल तर ती मात्र एक दिवसाआड तोडावीच लागते, कारण ती चटकन जून होते आणि झाडावर जून शेंगा राहिल्या की नवी फुले कमी येतात.

पहिला दुधी नख सहज रुतते तोवरच काढा. चौघांच्या घराला तो एका वेळी संपत नाही, तेव्हा अर्धा त्याच दिवशी शेजारी द्यावा, फ्रिजमध्ये ठेवून शिळा झाल्यावर नव्हे. आमच्या शेजारच्या काकू सालांचीही तीळ घालून चटणी करतात आणि वाटी कधीच रिकामी परत पाठवत नाहीत.