'साउंड्स'चा गठ्ठा घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की बर्मिंगहॅममध्ये एका माणसाकडे 'साउंड्स' या म्युझिक पेपरचे 1979 ते 1982 चे जवळपास 200 अंक आहेत, तो 1,800 पाउंड मागतोय, तुमच्या सेव्हिंगमध्ये 4,000 आहेत, तर इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊ का. अख्खा गठ्ठा घेऊ नका.

तुमचा महिन्याचा खर्च 1,700 आहे, म्हणजे हे घेतल्यावर हातात सव्वा महिन्याचे पैसे उरतात, आणि तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहात, नोकरी गेली तर साधारण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी पाठीशी उभी राहणारी कंपनी, शोधावा लागतो. तेव्हा हे पेपर विकून भाडं भरता येणार नाही हो, गिऱ्हाईक लगेच मिळत नाही आणि घाईत काढलं की पडेल भावात जातं. आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडू दे.

तो विकणारा म्हणतो 2025 च्या जुलैत ऑझी ऑस्बर्न, ब्लॅक सॅबाथ या हेवी मेटल बँडचा गायक, गेल्यापासून भाव चढलाय. चढला असेल, पण 1979 मध्ये सोळा वर्षांची असलेली पोरं आज साठीच्या पुढे आहेत, हे पेपर जिवापाड जपणारी तीच, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांचेच माळे रिकामे होणार. माल वाढेल, घेणारे कमी होतील असं मला वाटतं.

शिवाय सगळे अंक सारखे नसतात. मे 1979 चा तो अंक, ज्यात 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' हे नाव, तेव्हाच्या नव्या ब्रिटिश मेटल बँडच्या लाटेचं, पहिल्यांदा छापून आलं, त्याला मागणी राहील. या पेपरच्याच पोटातून 1981 मध्ये 'केरँग' हे मेटलचं मासिक निघालं, त्याचा पहिला अंकही तसाच. बाकीचे बरेच नुसते सोबत येतात. आणि हा न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा स्वस्त कागद आहे, त्यात उरलेल्या लाकडातल्या लिग्निन या घटकामुळे पिवळा पडतो, घडीवर बोट फिरवलं तर कडेचे तुकडे हातात येतात, माळ्यावरच्या दमट खोक्यात ठेवलेला असेल तर विचारायलाच नको.

पण आवड खरी आहे तुमची, ब्लॅक सॅबाथच्या गावात, बर्मिंगहॅममध्ये राहून असे पेपर हवेसे वाटणारच, मला ते मनापासून आवडलं. म्हणून महिन्याला 30-40 पाउंड छंदाचे ठेवा, त्यातून हवे तेवढेच एकेक अंक घ्या, गुंतवणुकीत धरू नका, अॅसिड-फ्री फोल्डरमध्ये आडवे ठेवा. त्याला फक्त मे 79 च्या अंकाचा भाव विचारा, आणि पैसे द्यायच्या आधी प्रत्येक पान उलटून बघा, तेव्हाची पोरं बँडचे फोटो कापून भिंतीला लावायची.